पट्टा येईपर्यंत

१२ जून

धाकटे,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद. कागद फार तर फाडता येतो, आणि फाडण्याआधी तू तो वाचणार हे मला पक्कं ठाऊक आहे. लहानपणीही रुसून माळ्यावर जाऊन बसायचीस आणि खाली आम्ही काय बोलतोय ते कान टवकारून ऐकायचीस.

तू दर आठवड्याला लेकीला पाठवतेस ती चित्रकार्डं मिळतात. फोनवरचा आवाज ऐकला की ती कान झाकून टेबलाखाली जाते, पण तुझी कार्डं उशाशी रचून ठेवते. त्या कार्डांवर माझ्यासाठी एक अक्षर नसतं, तेही मला पोचतं.

जाताना दारात जे बोललीस ते मी विसरलेले नाही. "स्वतःचं पोर नाही म्हणून माझं धरून बसली आहेस." बरं, बोललीस. पण ठरलं ते ठरलं. सहामाही संपेपर्यंत या साध्या शाळेत तिला एक तरी मैत्रीण झाली तर ती माझ्यापाशी राहील, नाही झाली तर तुझ्या नोकरीच्या रुग्णालयाजवळच्या त्या निवासी शाळेत जाईल. त्या शाळेचं माहितीपत्रक तू पाठवलंस ते मी शिलाई मशीनच्या बॉबिनच्या खणात टाकलं आहे. उघडलं नाही, उघडणारही नाही.

तर आता नीट बसून वाच. मैत्रीण झाली आहे, आणि एक नाही, चांगल्या चार.

शाळेत नव्या समुपदेशक बाई आल्यात. तरुण आहेत, बोलताना हातवारे फार करतात, पण मनाच्या स्वच्छ. त्यांचं म्हणणं असं की स्वमग्न मुलांना वर्गातली मुलं टाळतात ती दुष्टपणाने नव्हे, कसं जवळ जायचं ते कळत नाही म्हणून. मोठ्यांनी थोडा हात दिला की मैत्री रुजते. त्यांनी वर्गातल्या चार गुणी मुली निवडल्या. पाळीपाळीने एकेकीने आपल्या मुंगीच्या सोबत राहायचं, मधल्या सुट्टीत, मैदानावर, शाळा सुटताना.

अडचण एकच होती. तुझ्या लेकीला चेहरे लक्षात राहत नाहीत. वेणीचा अंबाडा केला की तिच्या लेखी माणूसच बदललं. बाई कपाळाला हात लावून बसल्या होत्या. मी म्हटलं, "अहो बाई, चेहरा कशाला लक्षात ठेवायला हवा? खूण द्या." दुकानात हिरव्या पॉपलिनचा तुकडा उरला होता. आत कडक अस्तर घालून मनगटाचा पट्टा शिवला, टिचबटण लावलं. मुंगीने ते बटण लावून-काढून बघितलं आणि चक्क हसली.

नियम दोनच. पट्टा जिच्या मनगटावर, ती मैत्रीण. मैत्रीण सांगेल तसं करायचं. बाईंनी त्याची चित्रं काढून भिंतीवर लावली आणि मुंगीने ती एका दिवसात घोटली. कल्पना माझी होती, हे तेवढं लक्षात ठेव.

बाकी तिचं पाइपांचं वेड तसंच आहे. कुठला नळ कुठल्या टाकीतून येतो हे शाळेत तिच्याइतकं फक्त पंपवाल्याला माहीत असेल. मागे पंपघरापाशी जाऊन बसते. पंपवाल्याची पोरगी खालच्या वर्गात आहे, तीही तिथे येऊन बसते. तिचं नाव मी टकळी ठेवलं आहे, कारण तोंड मिटलेलं मी तिला पाहिलेलं नाही. फ्रॉकचा काठ कायम उसवलेला, नाक कायम वाहतं. पण ती काही मैत्रिणींत धरायची नाही. मैत्रिणी वेगळ्या.

ताई


७ जुलै

धाकटे,

उत्तर नाही. ठीक आहे, मला सवय आहे.

गेल्या आठवड्यात मुंगीच्या चौघींपैकी एक दुकानात आली होती. वर्गाची मॉनिटर आहे, म्हणून मीही तिला मॉनिटरच म्हणते. काय पोरगी आहे! इस्त्रीची घडी मोडलेली नाही, "मावशी, येऊ का आत?" असं विचारून आली. मुंगी तिच्या मागे सावलीसारखी उभी. मॉनिटर म्हणाली, "बस," मुंगी बसली. "हस," मुंगी हसली. माझ्या मशीनवर टीप मारायला आलेल्या बाया बघतच राहिल्या. आपण दोघी गेली कित्येक वर्षं जिला केस विंचरताना बसवू शकलो नाही, तिला ही पोरगी एका शब्दात बसवते.

मॉनिटर आली होती ती पट्टा हरवला म्हणून. डोळ्यांत पाणी होतं. "बाई रागावतील, मावशी." मी म्हटलं, त्यात काय, आणि उभ्या उभ्या दुसरा शिवून दिला. दोन दिवसांनी आधीचाही सापडला म्हणे. असू दे, एक जास्तीचा असलेला बरा.

डबा रिकामा येतो हल्ली! पूर्वी निम्मा परत यायचा. मैत्रिणींत बसून जेवलं की पोरं जास्त जेवतात. संध्याकाळी घरी आली की पुन्हा भुकेलेली असते, पण वाढीचं वय आहे.

टकळीही आली होती, वेगळ्या दिवशी. दारातच उभी राहून सुरू, "मावशी मावशी, मलापण एक हिरवा पट्टा शिवून द्या ना, पट्टा नसला तर ती माझ्याशी बोलत नाही आता, आधी बोलायची, आधी आम्ही दोघी व्हॉल्व्ह मोजायचो, आता म्हणते तू मैत्रीण नाहीस." मी म्हटलं, "तो शाळेचा आहे, बाईंनी ज्यांना निवडलंय त्यांचा. असा कुणालाही देता येत नाही." ती खालच्या ओठावर दात रोवून उभी राहिली आणि मग म्हणाली, "मग चिंधी तरी द्या." आमच्याकडे चिंध्यांना तोटा नाही, पण हिरवी दिली नाही. दिली असती तर सगळ्या व्यवस्थेचाच विचका झाला असता.

तुझ्या निवासी शाळेत असं काही असतं का ग, कुणी हरवलेल्या पट्ट्यासाठी डोळ्यांत पाणी आणतं का?

ताई


११ ऑगस्ट

धाकटे,

तुझं कार्ड आलं, त्यावर दीपगृहाचं चित्र होतं. मुंगीने विचारलं, त्याला पाणी कुठून येतं.

तुला वाटेल मी फक्त गोड गोड लिहिते. म्हणून एक कमीजास्त झालेलं सांगते. परवा वर्गशिक्षिकेची चिठ्ठी आली, मुंगी गणिताच्या तासाला नव्हती. शोधली तर जिन्याखाली, केरसुण्या ठेवतात तिथे उभी. विचारलं, इथे काय करतेस? बोलेना. मग मॉनिटर धावत आली, "ती आमच्या खेळात होती मॅडम, आम्ही विसरलोच." त्यांचा 'थांबा' नावाचा खेळ आहे. पट्टेवाली जिथे सांगेल तिथे थांबायचं, आणि पट्टा परत येईपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही. मुंगी त्यात सगळ्यांत पटाईत आहे असं मॉनिटर कौतुकाने सांगत होती. आपणही लपाछपी खेळायचोच की. तू एकदा धान्याच्या कोठीत झोपून गेली होतीस आणि घरात रडारड झाली होती.

मोजे दोनदा ओले आले. पंपघराकडे गेली असेल.

परवा जेवताना तिने विचारलं. मी समोर बसून एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजची हुकं लावत होते, कारण दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. ती म्हणाली, "थांब सांगितलं आणि शाळा सुटली तर?" मी हुकांवरून नजर न काढता म्हटलं, "मैत्रिणीने सांगितलंय ना? मग थांबायचं. ती येईलच." तिने भाताची शितं ताटाच्या काठाशी ओळीने लावली. मग म्हणाली, "येतेच." आणि जेवली.

बघ, किती विश्वास बसलाय पोरीचा. आपल्या दोघींतल्या कुणावर तरी तिने असा कधी ठेवला होता का?

(इथल्या तीन ओळी मी खोडल्या आहेत. उजेडासमोर धरून वाचायचा प्रयत्न करू नकोस, मी दोनदा गिरवून खोडल्यात.)

टकळी पुन्हा येऊन गेली. काहीतरी चहाडी सांगायची होती तिला मॉनिटरची. मी हाकलली. तिला पट्टा मिळाला नाही म्हणून ती जळते, एवढं न कळायला मी काही दुधखुळी नाही.

ताई


६ सप्टेंबर

धाकटे,

आज जास्त लिहीत नाही. शाळांच्या गणवेशाची कामं अंगावर आहेत.

मुंगी झोपेत बोटांनी टिच टिच करते. अंगठा आणि तर्जनी, बटण लावल्यासारखं. मनगटाला दातांचे वण आहेत, तिचे स्वतःचेच. "कोणी काही केलं का?" विचारलं तर म्हणते, "मैत्रीण होती." याच्यापुढे नाही.

मी समुपदेशक बाईंकडे जाऊन आले. मी काही डोळे मिटून बसलेली नाही, हे तुला कळावं म्हणून लिहिते. बाईंनी भिंतीवरचा तक्ता दाखवला. प्रत्येक दिवसापुढे हसरा चेहरा चिकटवलेला. तो कोण चिकटवतं विचारलं, तर म्हणाल्या, "ज्या मुलीची पाळी असेल ती." मी म्हटलं, "आणि मुंगी?" बाई हसल्या. "तिला विचारलं की ती म्हणते, मैत्रीण होती. यापेक्षा काय हवं?" मैत्री म्हटली की रुसणं-फुगणं यायचंच, आपण मध्ये पडलो तर ती उमलायची थांबते, असं म्हणाल्या. पुढच्या वर्षी सगळ्या वर्गांत पट्टे सुरू करायचे आहेत, तर तुम्हीच शिवाल का, असंही विचारलं.

मी हो म्हटलं. बाहेर पडताना जीव भांड्यात पडल्यासारखं वाटलं, पण जिना उतरल्यावर वाकून केरसुण्यांच्या जागी बघून आले.

सहामाही संपायला थोडेच दिवस राहिले. तेवढे निघू देत. मग मी स्वतः मॉनिटरला बाजूला घेऊन सगळं विचारणार आहे. आता विचारलं, आणि काही निघालं, तर तू मुंगीला घेऊन जाशील. लिहून टाकलं बघ. आता हा कागद फाडावासा वाटतोय, पण पाकिटावर तिकीट लावून झालं आहे.

ताई


२४ सप्टेंबर

धाकटे,

इथल्या रुग्णालयातून मी लावलेला फोन तू उचललास. "जिवंत आहे ना?" एवढंच विचारलंस. मी हो म्हटलं आणि फोन डॉक्टरांच्या हातात दिला. ते छातीबद्दल, तापाबद्दल बोलले असतील. बाकीचं मी सांगायला हवं.

शनिवार होता. अर्धी शाळा. मुंगी सुटली की रस्ता ओलांडून सरळ दुकानात येते, तुला माहीत आहे. ती आली नाही. आणि धाकटे, मी खूश झाले. मला वाटलं, मैत्रिणींबरोबर रमली असेल. मी आणखी एक पॅन्ट खालून दुमडायला घेतली.

मग टकळी आली. पहिल्यांदा ती पोर बोलत नव्हती. तिच्या हातात मुंगीचे बूट होते. तुला आठवतं, नाडी सुटू नये म्हणून मी टोकांना हिरवा दोरा गुंडाळला होता. तिने ते पुढे केले आणि म्हणाली, "हौदापाशी."

शाळेच्या जिमखान्याच्या मागे जमिनीखाली पिण्याच्या पाण्याचा हौद आहे. तो धुवायला रिकामा केला होता. धुणारी माणसं जेवून यायची होती, झाकण बाजूला सरकवलेलं. मॉनिटरने तिथे 'थांबा' सांगितलं. मुंगीने बूट काढले, कारण पिण्याच्या पाण्यात बुटांनी उतरू नये हे तिला कळतं, पाइपामागे नीट जोडून ठेवले आणि शिडीने खाली उतरून कोपऱ्यात उभी राहिली. घंटा झाली. मॉनिटर आणि तिच्या मैत्रिणी घरी गेल्या. धुणाऱ्यांनी येऊन खाली बघितलं, काम झालंय म्हणाले आणि झाकण अर्धं ओढून निघून गेले. पंपवाल्याने व्हॉल्व्ह सोडायच्या आधी वाकून हाक मारली होती, "आत कोणी आहे का रे?" तो शपथेवर सांगतो, आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवते. कारण मुंगीनेही मला सांगितलं, "काका ओरडले. थांबताना बोलायचं नाही."

पाणी कुठून येणार हे तिला माहीत होतं. किती वेळात कुठवर येणार तेही. ती तिथे उभी राहून ते येताना बघत होती.

मी पोचले तेव्हा छातीपर्यंत होतं. पंपवाला व्हॉल्व्हच्या चाकाशी झटत होता, चाक गंजून अडलं होतं, अर्धंच फिरलं. तो शिव्या देत होता आणि रडत होता. मी झाकणातून ओरडले, "मुंगे, वर ये!"

ती म्हणाली, "पट्टा आला नाही."

"मी सांगते ना, मी मावशी सांगते!"

"मावशी मैत्रीण नाही."

माझं जड शरीर तुला माहीत आहे. तरी मी शिडीवर पाय ठेवला. तर ती मागे सरकायला लागली, उताराच्या बाजूला, जिथे खोल आहे. तिचा पाय घसरला, ती एकदा पाण्याखाली जाऊन वर आली आणि तरीही हात बाजूला चिकटवून उभी. मी शिडीवरच थांबले. दुकानात हिरवं कापड होतं, धाकटे. दहा पट्टे होतील एवढं उरलं होतं. ते आणायला मी रस्ता ओलांडून गेले असते, तोवर उशीर झाला असता.

टकळी माझ्या बगलेखालून खाली गेली. ती मुंगीपेक्षा चांगली वीतभर बुटकी आहे. पाणी तिच्या हनुवटीला लागलं. मी "अगं, तू नको" म्हणत राहिले आणि ती ऐकेना. मुंगी म्हणाली, "तुझ्याकडे पट्टा नाही."

"नाही," टकळी म्हणाली. "मावशींनी दिला नाही."

मग ती मुंगीच्या शेजारी जाऊन उभी राहिली, हात न लावता. तिचे दात वाजत होते. भिंतीवरच्या पाइपाकडे मान वर करून म्हणाली, "हा कुठे जातो ग?"

मुंगीने डोळे पाइपाकडे वळवले.

"वरच्या टाकीत ना?"

"वरच्या टाकीत नाही," मुंगी म्हणाली. तिला चूक सहन होत नाही. "हा बाहेरच्या व्हॉल्व्हला जातो."

"शक्यच नाही. दाखव."

आणि तुझी लेक पाइपाला हात लावून निघाली. भिंतीने, बोट पाइपावरून न उचलता, शिडीपर्यंत आली, कारण पाइप शिडीशेजारूनच वर जातो. "इथून वर," म्हणाली आणि चढली. झाकणाबाहेर येऊनही माझ्याकडे न बघता पाइप धरून व्हॉल्व्हपर्यंत गेली. पंपवाल्याच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "इथे." टकळी तिच्या मागून वर आली आणि माझ्या पायांवर भडाभडा ओकली, पोटात पाणी गेलं होतं तिच्या.

मी त्या पोरीला हाकललं होतं. तिला काय सांगायचं होतं ते ऐकूनही घेतलं नाही, आणि तुला फुशारकीने लिहिलं की मी दुधखुळी नाही. ऑगस्टच्या पत्रात खोडलेल्या ओळी काय होत्या ते सांगते. "मला ही मॉनिटर आवडत नाही. पण सहामाहीपर्यंत चालवून घेते." हे लिहिलं आणि खोडलं.

तू येते म्हणालीस. ये. मी अडवणार नाही.

ताई


३ ऑक्टोबर

धाकटे,

तू गुरुवारी निघणार असं तुझ्या रुग्णालयातून कळवलंस. त्याआधी हे पोचायला हवं, म्हणून आजच टाकते. पोचल्या पोचल्या वाच.

शाळेने चौकशी केली. मॉनिटर रडली, खेळ होता म्हणाली, आम्ही विसरलो म्हणाली. मुख्याध्यापिका बाईंनी निष्कर्ष काढला की पंपवाल्याने हौद न तपासता पाणी सोडलं. त्याला कामावरून काढलं. पंपघरामागची खोली शाळेची, तीही गेली. मी तीन वेळा जाऊन भांडले, चौथ्या वेळी मला फाटकातूनच परत पाठवलं. परवा सामान टेम्पोत चढलं. टकळी निरोप घ्यायला आली होती. तिच्या फ्रॉकचा काठ मी शिवून दिला, एवढंच सुचलं. मुंगी तिच्याकडे बघत नव्हती, तिच्या मनगटाकडे बघत होती. टकळीने ते ओळखलं आणि हात मागे लपवला. कुठे जाताय विचारलं तर तिला गावाचं नाव नीट सांगता येईना. जिथे पंप असेल तिथे, म्हणाली.

समुपदेशक बाई आजारी रजेवर आहेत. पट्ट्याचा नियम तेवढा भिंतीवर आहे.

आणि काल मॉनिटर आली, तिच्या आईबरोबर, फळं घेऊन, माफी मागायला. मी फळांची पिशवी परत करायला हात पुढे केला. पण मी काही बोलायच्या आत मुंगी उठली. तापातून नुकतीच सावरलेली पोर. तिने बूट घातले, नाड्या बांधल्या आणि जाऊन मॉनिटरचा हात धरून उभी राहिली. मॉनिटरच्या मनगटावर पट्टा होता. काढायचं तिच्या ध्यानातच राहिलं नसावं.

धाकटे, मी त्या पोरीच्या तोंडाकडे बघितलं. मला वाटलं होतं तिथे काहीतरी दुष्ट दिसेल. ती भ्यायली होती. पांढरीफटक पडली होती. मुंगी तिच्याकडे पुढच्या हुकमाची वाट बघत होती, आणि त्या पोरीला तेव्हाच पहिल्यांदा कळलं असावं की आपण काहीही सांगितलं तरी ही करेल. ती पट्टा दुसऱ्या हाताने झाकून म्हणाली, "मावशी, मी काढू का हा?" मी तो खेचून काढला. टिचबटण तुटून मशीनखाली गेलं. मुंगी अशी किंचाळली की शेजारचा इस्त्रीवाला धावत आला.

नंतर मी तिला समोर बसवून सांगितलं, नियम चुकीचा होता. पट्टा म्हणजे मैत्रीण नाही. ती म्हणाली, "मग मैत्रीण कोणती ते कसं कळतं?"

मी म्हटलं, जी तुझ्यासाठी पाण्यात उतरते ती. ती म्हणाली, "काका म्हणतात पाण्यात उतरायचं नाही." मी म्हटलं, जी विचारते पाइप कुठे जातो, ती. तिने विचार केला. "ती गेली," म्हणाली. आणि पहिल्यांदा, धाकटे, तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ती ते बोटावर घेऊन बघत होती.

मला वाटलं, आता बांध फुटला, आता काहीतरी समजेल. पण आज सकाळी मी तू येणार म्हणून बॉबिनचा खण आवरला आणि ते माहितीपत्रक उघडलं. तुला घेऊन जायचंच असेल तर निदान मी शाळा बघावी, म्हणून. पहिल्या पानावर मोठा फोटो आहे. हिरवळीवर जोड्या-जोड्यांनी मुलं उभी आहेत. प्रत्येक जोडीतलं एक हसतंय आणि एक कॅमेऱ्याच्या भलतीकडेच बघतंय, आपल्या मुंगीसारखं. हसणाऱ्या मुलांच्या मनगटांवर बघ. नीट बघ. पिवळे पट्टे आहेत.

कदाचित खेळाच्या तासाचे असतील. कदाचित पोहण्याचे. मला माहीत नाही, आणि तू तिथे जाऊन विचारल्याशिवाय तिला आत पाऊल टाकू देऊ नकोस, एवढ्यासाठीच हे पत्र. मी तिला ठेवून घ्यायला बघतेय असं समजू नकोस. हवं तर तिला घेऊन तू कुठेही राहा, मला भेटूही देऊ नकोस. पण आल्या आल्या तिला मिठी मारू नकोस आणि "चल" म्हणू नकोस. दुकानाच्या मागच्या नळापाशी बस आणि विचार, हा पाइप कुठे जातो. आणि ती सांगेल ते शेवटपर्यंत ऐक.

पत्र इथेच संपवणार होते. पण ते पत्रक मी मशीनवर उघडं ठेवून पाणी प्यायला गेले, आणि परत आले तर मुंगी त्या फोटोवर बोट ठेवून उभी होती. म्हणाली, "तिथे पिवळा."

मी पत्रक ओढून घेतलं. ती रागावली नाही. चिंध्यांच्या पिशवीपाशी जाऊन बसली, आणि तासभर एकेक चिंधी उलटून बघत होती. आता तिने एक तुकडा आणून माझ्या सुईखाली ठेवला आहे, पिवळ्या अस्तराचा, पट्ट्याच्या मापाचा, कडा नीट दुमडून. शेजारी मशीनखालून शोधून काढलेलं तुटकं टिचबटण.

"शिव," म्हणते.

मी विचारलं, "कोणासाठी?"

"जी घालेल तिच्यासाठी."

ती समोर उभी आहे, हात बाजूला चिकटवून, बोलत नाही. मी अजून मशीनला हात लावलेला नाही. लवकर ये.

ताई